५६ अंशांवर विश्वास ठेवायचा का?

उन्हाळ्याच्या विक्रमांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे: आकडा छापून आला म्हणजे तो खरा का?

आमच्या शाळेच्या पुस्तकात जगातलं सर्वांत जास्त तापमान लिबियातल्या अल अझिझियाचं होतं, ५८ अंश सेल्सिअस. नातीच्या पुस्तकात मात्र अमेरिकेतली डेथ व्हॅली आहे, ५६.७ अंश. मधल्या काळात लिबिया थंड झाला की काय?
– निवृत्त शिक्षक, वाई

लिबिया होता तसाच तापतो आहे, फक्त तिथली नोंदवही उघडून पाहिली गेली.

ती नोंद १३ सप्टेंबर १९२२ ची. ट्रिपोलीपासून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरच्या अल अझिझियात तेव्हा इटालियन लष्कराचं ठाणं होतं आणि तापमापी त्या ठाण्याच्या आवारात होती. जागतिक हवामान संघटनेने अभ्यासकांची समिती नेमून ही नोंद तपासायला घेतली. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे रँडी सर्व्हेनी समन्वयक होते, तर लिबियाच्या हवामान खात्यातले खालिद अल फदली यांनी मूळ नोंदवहीचं पान शोधून काढलं. पुढे २०११ मध्ये लिबियात क्रांती झाली. अल फदलींशी कित्येक महिने संपर्क नव्हता, त्यामुळे कामही थांबलं. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये, विक्रमाला नव्वद वर्षं पूर्ण होत असतानाच, तो रद्द झाल्याचं जाहीर झालं.

समितीने पाच शंका मांडल्या. उपकरण अशा कामाला योग्य नव्हतं. वाचणारा नवखा असावा, कारण वहीतलं हस्ताक्षर विक्रमाच्या जेमतेम आधी बदललेलं आहे. तापमापीखालची जमीन डांबरासारख्या गडद थराची होती, वाळवंटाची नव्हे. आसपासच्या केंद्रांचे त्या दिवशीचे आकडे याच्याशी जुळत नाहीत, आणि त्याच गावाचे नंतरच्या वर्षांचेही जुळत नाहीत.

यातली पहिली शंका नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तीच चूक आजही घडू शकते. तिथे वापरात होती ती सिक्स-बेलानी जातीची तापमापी. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी, मध्ये पारा, पाऱ्याच्या वर अल्कोहोल. पारा चढला की वरची इवलीशी पोलादी काडी ढकलतो आणि उतरताना तिला तिथेच सोडून देतो. दिवसभरातला सर्वांत चढा आकडा काडीच्या खालच्या टोकाशी वाचायचा असतो, म्हणजे पारा जिथे टेकला होता तिथे. सवय नसलेला माणूस हमखास वरचं टोक वाचतो. त्या उपकरणातल्या काडीची लांबी मोजपट्टीवर सुमारे सात अंश भरत होती. ५८ मधून ७ वजा केले तर उरतात ५१, आणि सहाराच्या काठावर ५१ म्हटल्यावर कुणाची भुवई वर जात नाही. पॉलिहाऊसमध्ये किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये याच जातीची तापमापी अजून टांगलेली दिसते. तुमच्याकडे असेल तर एकदा बघा, काडीचं कुठलं टोक वाचता ते.

५८ बाद झाल्यावर १० जुलै १९१३ चा डेथ व्हॅलीतल्या ग्रीनलँड रँचचा आकडा अधिकृत ठरला: १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस. तोही कच्चाच आहे असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. त्या आठवड्यातले शेजारच्या केंद्रांचे आकडे इतक्या उष्णतेची साक्ष देत नाहीत. त्याच दरीत आधुनिक उपकरणांनी २०२० आणि २०२१ मध्ये नोंदवलेला उच्चांक ५४.४ आहे. प्रयोगशाळेत उपकरण तपासून मान्य झालेले आकडे हवे असतील तर कुवेतमधलं मित्रिबाह (२१ जुलै २०१६, ५३.९) आणि पाकिस्तानातलं तुर्बत (२८ मे २०१७, ५३.७) ही नावं वहीत लिहून ठेवा.

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते चुकीचे ठरवले गेले. एवढा आकडा लपवला तर नाही ना?
– वाचक, नागपूर

लपवायचं म्हटलं तर शेजारच्या केंद्रांनाही गप्प बसवावं लागलं असतं. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने ५४. त्याच दुपारी त्याच जिल्ह्यातली दुसरी दोन केंद्रं ४४ च्या आसपास होती. खुल्या मैदानी मुलखात काही किलोमीटरच्या अंतरात हवेत बारा अंशांचा फरक पडत नाही. आदल्या दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरने ५२.९ दाखवले होते. तपासणीत तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं.

आकडा अशक्य आहे हे हवेत फुगा सोडूनही कळतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. दुपारच्या घुसळलेल्या कोरड्या हवेत दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण दहा अंशांनी उतरतं. म्हणजे समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरवरची हवा आणि नागपूरची जमीन यांच्यात बारा अंशांचा फरक, वर जमिनीलगतच्या तापलेल्या थराचा एखाद-दुसरा अंश. कडक उन्हाळ्यात विदर्भावर त्या उंचीला हवा तिशीच्या थोडी पुढे असते. बत्तीस अधिक बारा-तेरा म्हणजे ४४-४५. जमिनीवर ५६ हवे असतील तर दीड किलोमीटरवरही ४३-४४ अंश लागतील.

स्वयंचलित केंद्र चुकतं कसं, तेही सांगतो. त्यात बहुधा प्लॅटिनमचा रोधक असतो: शून्य अंशाला १०० ओहम, आणि पुढे दर अंशाला ०.३८५ ओहमची वाढ. उपकरण तापमान मोजत नाही, रोध मोजतं. साध्या दोन तारांची जोडणी असेल आणि सांधा गंजून चार ओहमची भर पडली, तर पडद्यावर दहा अंश वाढतात, हवा होती तशीच राहते. चार तारांची जोडणी असेल तर तारांचा आणि सांध्यांचा रोध हिशेबातून बाजूला काढता येतो. याशिवाय कवचावर धूळ बसणं, पंखा बंद पडणं, कवचात कोळ्याने किंवा गांधीलमाशीने घर करणं, ही नेहमीची दुखणी आहेतच. आलेख पाहिला तर बिघाड ओळखू येतो. खरी उष्णता सकाळपासून पायरी पायरीने चढते, बिघडलेला संवेदक दहा मिनिटांत सहा-आठ अंश उडी मारतो.

भारताचा मान्य उच्चांक अजून राजस्थानातल्या फलोदीचाच आहे: १९ मे २०१६, ५१.० अंश. त्याआधी तो मान अलवरकडे होता, १० मे १९५६ ला ५०.६.

नवतपाच्या नऊ दिवसांतच सर्वाधिक ऊन असतं, हे खरं का?
– वाचक, भंडारा

मेअखेर विदर्भ भाजून निघतो यात वाद नाही. पण नवतपा सुरू होतो तो सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास. वर दिलेले फलोदी आणि अलवर दोन्ही त्याआधीचे. नागपूरचा ४७.९ हा आकडाही २३ मे २०१३ चा. गंमत अशी की मुंगेशपूर आणि नागपूरचे २०२४ चे दोन आकडे बरोबर नवतपात बसत होते आणि दोन्ही बाद झाले.

शाळेत रोज तापमान नोंदवायचं आहे. भिंतीवरची तापमापी दुपारी ४९ दाखवते, मोबाइलवर ४२ असतात. योग्य पद्धत सांगा. खर्च कमी हवा.
– विज्ञान शिक्षिका, वर्धा

भिंतीवरची तापमापी भिंतीचं तापमान सांगते. गाडीतला आकडाही असाच, रस्त्याचा. हवेचं तापमान हवं असेल तर तापमापीला ऊन, जमिनीचा परावर्तित प्रकाश आणि पाऊस यांपासून झाकायचं, पण वारा मात्र अडवायचा नाही. यासाठी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी पांढऱ्या, झडपांच्या पेटीचा नमुना दिला. वेधशाळेत आजही तीच पेटी उभी असते.

सुताराकडून करून घ्यायची असेल तर आतून साधारण ५० सेंटिमीटर लांब, ३० खोल आणि ४० उंच पुरते. चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, बाहेरचं टोक खाली, दुहेरी रांगेत. छप्पर दुहेरी, मध्ये तीन-चार सेंटिमीटरची पोकळी. तळाला फळ्या फटी सोडून. दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन तापमापीवर पडत नाही. आतून-बाहेरून पांढरा तैलरंग, आणि तो दर वर्षी नव्याने. पिवळट पडलेली पेटी जास्त दाखवू लागते. पायांची उंची अशी ठेवा की तापमापीचा फुगा जमिनीपासून सव्वा मीटरवर येईल. खाली गवत किंवा मोकळी माती हवी, फरशी किंवा काँक्रीट नको. जवळच्या इमारतीची किंवा झाडाची जितकी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. एसीचं बाहेरचं यंत्र आणि पत्र्याची शेड यांच्या वाऱ्यापासून लांब.

स्वस्तातला उपाय बशांचा. पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या नऊ खोलगट बशा घ्या. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकी सातांच्या मध्ये संवेदक मावेल एवढं गोल भोक पाडा. तीन आटेदार सळ्यांवर त्या पालथ्या, एकावर एक, दीड सेंटिमीटर अंतराने नटांनी बसवा. सर्वांत वरच्या दोन बशांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पन्नी घाला, नाहीतर ऊन प्लास्टिकमधून झिरपतं. डिजिटल संवेदक मधोमध लोंबता ठेवा, बशीला टेकू देऊ नका. वारा पडलेल्या दुपारी असं कवच एक-दोन अंश जास्त दाखवेल. हा दोष कवचाचा आहे, तसा वहीत शेरा लिहा.

बसवण्याआधी तपासणी. थर्मासमध्ये शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा भरा, बर्फाच्या फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता, ढवळा, आणि पातळ पिशवीत गुंडाळलेला संवेदक पंधरा मिनिटं आत ठेवा. शून्य यायला हवा. ०.६ आला तर प्रत्येक नोंदीतून तेवढे वजा करायचे. पण शून्याला बरोबर असलेलं उपकरण चाळिशीत चुकू शकतं, म्हणून दुसरी चाचणी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, ताप मोजायच्या चांगल्या थर्मामीटरसोबत घ्या.

वाचायची वेळ सकाळी साडेआठ, वेधशाळेचीच. त्या वेळी दिसणारा कमाल आकडा आदल्या दिवसाच्या रकान्यात जातो आणि किमान आजच्या. मुलं इथे हमखास चुकतात. शाळा सुटताना, दुपारी नोंद घेऊन उपकरण पूर्ववत करू नका. चार वाजता हवा ४३ असेल आणि तेव्हाच काडी सोडली, तर दुसऱ्या दिवशी ढग येऊन पारा ३९ वरच थांबला तरी तुमच्या वहीत पुन्हा ४३ पडतील. एकच दिवस दोनदा मोजला जाईल. काचेची तापमापी असेल तर डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश, कारण श्वासाच्या उबेने दशांशच आधी सरकतो.

आमच्याकडे ३८ अंशांना उष्णतेच्या लाटेचा इशारा देतात. चंद्रपूरला ४४ असले तरी देत नाहीत. कोकणची माणसं नाजूक समजता का?
– वाचक, अलिबाग

निकष वेगळे आहेत आणि ते तसे असणंच बरोबर. हवामान विभागाच्या हिशेबात किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर असलं, की लाट. मैदानी भागात आधी ४० गाठायला हवेत, मग सरासरीशी तुलना: ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्यापुढे तीव्र लाट. पारा ४५ ला गेला की सरासरी न बघता लाट, ४७ ला तीव्र. चंद्रपूरची मे महिन्यातली सरासरीच त्रेचाळिशीत, त्यामुळे ४४ तिथे रोजचंच. शिवाय कोकण-गोवा किंवा विदर्भ अशा उपविभागात निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती हवी. घोषणा दुसऱ्या दिवशी होते.

आता नाजूकपणाचं. शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने, आणि तो वाळतो की नाही हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. तापमापीच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो सुमारे २४ येतो. ३७ अंश आणि ६० टक्के असेल तर सुमारे ३०. म्हणजे घामाच्या दृष्टीने अलिबागची दुपार चंद्रपूरपेक्षा वाईट ठरू शकते. वेट बल्ब ३५ ही माणसाची सैद्धांतिक मर्यादा मानतात. पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत तर दमट हवेत निरोगी तरुणांचं शरीरही ३१ च्या आसपासच उष्णता बाहेर टाकायला कमी पडू लागलं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसं दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपासच होता.

किनाऱ्यावर लाट येते ती बहुधा पूर्वेकडचे वारे जोर धरतात तेव्हा. ते खारं वारं दुपारी उशिरापर्यंत अडवून धरतात. म्हणून मार्चमध्येच सांताक्रूझचा पारा चाळिशी ओलांडतो. तुमच्याकडे अकरा वाजेपर्यंत समुद्राचा वारा सुटला नाही, तर त्या दिवसाची उन्हातली कामं पुढे ढकला.

२००३ मध्ये पॅरिसला चाळीसही गाठले नव्हते, तरी फ्रान्समध्ये पंधरा हजार माणसं गेली असं वाचलं. आम्ही बेचाळीसमध्ये लग्नं लावतो. हे कसं?
– वाचक, परभणी

आकडा खरा आहे: १ ते २० ऑगस्टमधले १४,८०२ जादा मृत्यू. जादा म्हणजे आधीच्या तीन वर्षांच्या त्याच दिवसांच्या सरासरीहून अधिक. दाखल्यावर उष्माघात लिहिलेले मोजले तर आकडा फार लहान दिसतो, कारण बहुतेकांच्या दाखल्यावर हृदय किंवा श्वसनाचा विकार असतो. हाच हिशेब अहमदाबादला लावला तेव्हा मे २०१० मध्ये, पारा ४६.८ ला पोहोचला त्या महिन्यात, १,३४४ जादा मृत्यू निघाले. लग्नं लागत होतीच, मृत्यूही होत होते. मोजणी नव्हती, एवढंच. त्यातूनच २०१३ मध्ये अहमदाबादची उष्णता कृती योजना आली, दक्षिण आशियातली पहिली.

पॅरिसचा घात रात्रींनी केला. सलग नऊ दिवस कमाल ३५ च्या पुढे, आणि एका रात्री किमान तापमान २५.५ च्या खाली उतरलंच नाही. जुन्या इमारतींच्या माथ्यावर जस्ताचे पत्रे, त्याखालच्या खोल्यांत एकटे राहणारे वृद्ध, ऑगस्ट म्हणून शेजारी आणि डॉक्टर सुट्टीवर. शरीराला दिवसाची भरपाई करायला रात्र मिळाली नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हृदय हार खातं. पुढच्याच वर्षी फ्रान्सने इशाऱ्यांची राष्ट्रीय योजना केली, त्यात एकट्या वृद्धांची यादी ठेवून त्यांना फोन करणं आलं. २५ जुलै २०१९ ला पॅरिसने ४२.६ गाठले, २००३ पेक्षा तीन अंश जास्त. त्या उन्हाळ्यातले फ्रान्समधले जादा मृत्यू सुमारे १,५०० होते.

कॅनडातही तेच दिसलं. लिटन या गावात २७ ते २९ जून २०२१ या तीन दिवसांत देशाचा विक्रम रोज मोडला: ४६.६, ४७.९, ४९.६. १९३७ पासूनचा जुना विक्रम ४५.० होता. ३० जूनला वणव्यात गावच जळालं. त्या लाटेत ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं गेली, पण त्यातली जवळजवळ सगळी उन्हात नव्हती. घरात होती. थंडी अडवण्यासाठी बांधलेलं घर उष्णताही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतं.

परभणीत स्लॅबच्या वरच्या मजल्यावर आई-वडील राहत असतील तर दुपारच्या आकड्याइतकंच पहाटे चारच्या खोलीतल्या आकड्याकडे लक्ष द्या. तो तिशीच्या खाली येत नसेल तर त्यांना रात्री खालच्या मजल्यावर हलवा.

गारपीट उन्हाळ्यातच का होते? सर्वांत मोठी गार किती?
– विद्यार्थी, लातूर

तापलेली जमीन हवा वर फेकते, वर ती गोठणबिंदूखाली असते. झोत जितका जोरदार, तितका वेळ गार हवेत तरंगून थर चढवते. ३० एप्रिल १८८८ ला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला गारांनी २४६ माणसं आणि १,६०० हून अधिक शेळ्या-मेंढ्या मेल्या. गारपिटीतल्या बळींचा जागतिक विक्रम अजून तोच आहे. सर्वांत जड गार बांगलादेशातल्या गोपालगंजची, १४ एप्रिल १९८६, १.०२ किलो.

तुमच्याकडे मोठी गार पडली तर आधी वादळ थांबू द्या. मग ती हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि सर्वांत लांब बाजू मोजून ताबडतोब वजन करा. अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला २३ जुलै २०१० ला पडलेली गार मोजायला माणसं पोहोचेपर्यंत वीज गेली होती आणि ती फ्रीजरमध्येच वितळत होती. मोजली तेव्हा व्यास २०.३ सेंटिमीटर भरला. पडली तेव्हाचा कुणी मोजलाच नाही.